जॉन डनचं कर्कटक: प्रेमकवितेत हे अवजार करतंय काय?

आडवळण (धागाकर्ता)

प्रेमकवितांच्या दुसऱ्या एका धाग्यावर टोमणा वाचला, की इंग्रजीतल्या त्या 'मेटाफिजिकल' कवींना प्रेयसी सोडून बाकी सगळं दिसतं: पिसू, नकाशे, नाणी, भूमितीची अवजारं. तिथे उत्तर टंकायला घेतलं तर ते मूळ धाग्याहून लांब व्हायला लागलं, म्हणून हा वेगळा धागा.

टोमणा तसा जुनाच आहे. इंग्रज कवी-समीक्षक ड्रायडनने १६९३ मध्ये हीच तक्रार केली होती: बायकांची मनं हळुवारपणे रमवायची सोडून हा जॉन डन त्यांना तत्त्वज्ञानाच्या बारकाव्यांत गोंधळवून टाकतो. पुढे १७७९ मध्ये समीक्षक सॅम्युअल जॉन्सनने काउली या कवीच्या चरित्रात त्यावर कळस चढवला. काडीचा संबंध नसलेल्या कल्पना या लोकांनी बळजबरीने एका जुवाला जुंपल्या, असं त्याचं म्हणणं. गंमत म्हणजे डनने (१५७२–१६३१) स्वतःला 'मेटाफिजिकल' कधी म्हणवून घेतलंच नाही. त्याच्या प्रेमकविता हयातीत हस्तलिखित नकलांमधून ओळखीपाळखीत फिरत होत्या. संग्रह छापला गेला १६३३ मध्ये, तो गेल्यावर दोन वर्षांनी.

माझं म्हणणं एवढंच, की डनची प्रतिमा नुसती बघायची नसते, चालवून बघायची असते. त्याच्या आधीच्या प्रेमकवींकडे इटालियन कवी पेट्रार्ककडून आलेला ठरावीक माल होता: तिचे डोळे म्हणजे सूर्य, माझे उसासे म्हणजे वादळं, आसवं म्हणजे महापूर. 'द कॅनोनायझेशन'मध्ये डन हा माल साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा करतो. माझ्या उसाशांनी कुठल्या व्यापाऱ्याची गलबतं बुडाली? माझ्या आसवांनी कुणाच्या जमिनीत पाणी शिरलं? हा माणूस लंडनच्या लिंकन्स इनमध्ये कायदा शिकला होता, हे इथे विसरून चालत नाही.

'द फ्ली' म्हणजे ती पिसू. तिने आधी मला चावलं, मग तुला. आपलं रक्त तिच्या पोटात एक झालं, आणि याला कुणी पाप म्हणत नाही. (शरीरसंबंधात रक्ताशी रक्त मिसळतं अशी तेव्हा समजूत होती, त्यामुळे हा निव्वळ पांचटपणा नाही.) दुसऱ्या कडव्यात प्रेयसी पिसू मारायला निघते. तो म्हणतो, थांब, ही आपली शेज आहे, आपलं लग्नाचं देऊळ आहे. मारलीस तर माझा खून, तुझी आत्महत्या आणि देवळाचा विध्वंस, अशी तीन पापं लागतील. तिसऱ्या कडव्यात पिसू मेलेली आहे, प्रेयसीचं नख लाल आहे आणि ती म्हणतेय, बघ, आपल्याला काहीच झालं नाही. तो लगेच: बरोबर! मला हो म्हणालीस तर तुझी अब्रूही इतकीच जाईल.

आणि 'अ व्हॅलेडिक्शन: फॉरबिडिंग मोर्निंग'. नवरा (किंवा प्रियकर) प्रवासाला निघालाय, तिला रडू नको म्हणतोय. नऊ कडव्यांची कविता, शेवटची तीन एकट्या कर्कटकावर. आपले दोन आत्मे असलेच दोन, तर कर्कटकाच्या दोन पायांसारखे. तुझा पाय मध्यावर रोवलेला, माझा फिरता. मी लांब जातो तसा तू माझ्याकडे झुकतेस, कान देऊन ऐकतेस. मी घरी येतो तशी ताठ होतेस. तू पक्की उभी आहेस म्हणून माझं वर्तुळ बिनचूक येतं आणि मी जिथून निघालो तिथेच संपतो.

आता सांगा, ही जबरदस्तीची जुंपणी वाटते का?

पोटमाळा

वाचनखूण साठवली.

शाळेत आपण उपमेची चार अंगं पाठ केलेली असतात: उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि साम्यवाचक शब्द. 'मुख चंद्रासारखं सुंदर' यात सौंदर्य हा साधारणधर्म सगळ्यांना आधीपासून मान्य आहे. कवी फक्त बोट दाखवतो. डनच्या कर्कटकात तो धर्म सुरुवातीला नसतोच. विरहिणी आणि कर्कटक यांच्यात समान काय? काही नाही. मग तो तीन कडवी खर्चून ते सिद्ध करतो, आणि सिद्ध होतं तेव्हा उपमा पुरी होते. आपल्याकडे उपमा ही सुरुवात असते, इथे ती निकाल आहे.

जॉन्सनची तक्रार आपल्या भाषेत औचित्यभंगाची. संस्कृत काव्यशास्त्रकार क्षेमेंद्राने अकराव्या शतकात 'औचित्यविचारचर्चा'त हेच विचारलं होतं: वस्तू जागेवर आहे का? कटिमेखला गळ्यात आणि हार कमरेला घातला तर हसूच येणार. पण या कवितेत कर्कटक कमरेला नाही. पहिलं कडवं आठवा. निरोपाच्या कवितेची सुरुवात मरणशय्येने होते: सज्जन माणसं इतकी हळू जातात, की भोवतीचे मित्र कुजबुजत राहतात, श्वास गेला की अजून आहे? आपणही तसेच विरघळून वेगळे होऊ, आसवांचे पूर नकोत, उसाशांची वादळं नकोत. एवढ्या दबक्या आवाजात सुरू झालेल्या कवितेत कमळ-चकोर आणले असते, तर तो औचित्यभंग झाला असता. तिथे कोरडं, धातूचं, न रडणारंच काहीतरी हवं होतं.

सुपारीचं_खांड

+१. पोटमाळा काका बऱ्याच दिवसांनी दिसले.

कोनमापक

गणित शिकवतो, कविता फार कळत नाही, पण धागाकर्त्यांनी 'चालवून बघा' म्हटलंय म्हणून चालवून बघितलं. हे कर्कटक चालत नाही.

तुमच्याच सारांशावरून सांगतो. 'लांब जातो तशी झुकतेस, घरी येतो तशी ताठ होतेस' ही कर्कटक उघडण्या-मिटण्याची हालचाल. फिरता पाय केंद्रापासून दूर सरकतो, परत केंद्राला येऊन मिळतो. 'माझं वर्तुळ बिनचूक, जिथून निघालो तिथे संपतो' ही वर्तुळ काढण्याची हालचाल. तेव्हा उघडझाप चालतच नाही. अंतर कायम राहायला हवं, नाहीतर वर्तुळ बोंबललं. शिवाय वर्तुळ जिथे संपतं ती जागा परिघावर आहे, केंद्रात नाही. म्हणजे नवरा सगळं जग फिरून बायकोपासून त्रिज्येइतका लांबच! घरी आलाच नाही.

मार्क कापू का?

उंबरठा

कापा सर, कापा :)

आडवळण

कोनमापक सर, तुम्ही जिथे बोट ठेवलंत तिथे इंग्रजीतल्या अभ्यासकांनीही बरंच रक्त आटवलंय. यातून निघायच्या दोन वाटा मला माहीत आहेत.

एक वाट जॉन फ्रेचेरो या दान्तेच्या अभ्यासकाची. १९६३ च्या लेखात तो म्हणतो, दोन्ही हालचाली एकत्र घ्या: गोल फिरणं आणि सरळ रेषेत ये-जा. मग रेघ सर्पिल येते. जुन्या तत्त्वज्ञानात निर्दोष गोल गती आकाशाची आणि सरळ रेषेतली गती मातीच्या वस्तूंची. माणूस या दोन्हींचा बनलेला, म्हणून त्याचं प्रेम सर्पिल. वाचायला सुंदर वाटतं, मला किंचित ताणलेलं वाटतं.

दुसरी वाट चिन्हाची. मध्ये बिंदू आणि भोवती वर्तुळ हे किमयागारांचं सोन्याचं चिन्ह, ज्योतिषात तेच सूर्याचं. आणि कर्कटकाच्या लगेच आधीचं कडवं सोन्याचं आहे: आपले आत्मे एकच आहेत, मी गेलो तरी ते तुटत नाहीत, सोनं ठोकून हवेइतकं पातळ व्हावं तसे पसरतात. सोन्याच्या कडव्यातून कर्कटक उचललं, तर त्याच्या पायाखाली उमटणारी आकृती पुन्हा सोन्याचीच.

तरी मार्क कापायला हरकत नाही. सहाव्या कडव्यापर्यंत 'आपण एकच' आणि सातव्यात 'असलोच दोन तर', हा वकील दोन्ही दगडांवर पाय ठेवून आहे. एक बचाव फसला तर दुसरा तयार.

टाकणखार

आमच्या घरात सोनारकाम आहे, त्यामुळे सोन्याच्या कडव्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

एक ग्रॅम सोनं ठोकून साधारण एक चौरस मीटर होतं. दुसऱ्या कुठल्याही धातूला हे जमत नाही. युरोपात बैलाच्या आतड्याचं पातळ कातडं मध्ये घालून थर ठोकायचे. म्हणजे 'तुटत नाही, पसरतं' हे डनचं म्हणणं धातूच्या गुणाला धरून आहे. हा माणूस कारागिराच्या दुकानात उभा राहिलेला असावा असं वाटतं.

पण वर्ख हाताळला असेल त्याला पुढचंही माहीत असतं. वर्ख बोटाने उचलता येत नाही. त्याच्याजवळ जोरात श्वास सोडला तरी चुरगळतो, पंखा चालू असेल तर गेलाच. 'हवेइतकं पातळ' म्हणताना डन तिला धीर देतोय की स्वतःची भीती सांगतोय? जितकं लांब जाशील तितकं नातं पातळ होणार, हे त्या प्रतिमेतच आहे. आणि ज्या कवितेची सुरुवात 'श्वास गेला का?' या कुजबुजीने होते, तिथे श्वासाने फाटणारी वस्तू यावी, हे मला योगायोगाचं वाटत नाही.

आडवळण

टाकणखार, क्या बात! हे मला कुठल्याही टीपेत मिळालं नव्हतं. वकिलाने पुरावा म्हणून वस्तू आणावी आणि तिनेच थोडी विरुद्ध साक्ष द्यावी.

उंबरठा

आता माझी पाळी. भूमिती झाली, सोनं झालं. त्या रोवलेल्या पायाचं काय?

ॲन मोर. १६०१ च्या डिसेंबरात डनने तिच्याशी गुपचूप लग्न केलं. तो तिच्या मामांच्या, म्हणजे सर टॉमस एगर्टन यांच्या घरचा चिटणीस. (एगर्टनची बायको तिची आत्या, काटेकोर लोकांसाठी.) तिचे वडील भडकले, डनची नोकरी गेली, काही काळ फ्लीट तुरुंगात काढावा लागला. पुढची कित्येक वर्षं हलाखीची. १६११ मध्ये तो सर रॉबर्ट ड्रुरीबरोबर फ्रान्सला निघाला तेव्हा ॲन गरोदर होती. तो तिकडे असतानाच तिला मेलेलं मूल झालं. ही कविता त्या निरोपाची, असं डनचा चरित्रकार आयझॅक वॉल्टन सांगतो. वॉल्टनचं ते सांगणं खूप नंतरचं आहे, १६७५ च्या आवृत्तीतलं, त्यामुळे सगळे ते मानत नाहीत. पण मानलं तर? 'तू मध्यावर पक्की उभी राहा म्हणजे माझं वर्तुळ छान येईल.' बारा बाळंतपणं, आणि शेवटच्यानंतर थोड्याच दिवसांत, १६१७ मध्ये ती गेली. तेहेतीस वर्षांची. रोवलेल्या पायाचं एवढंच वर्तुळ.

'द सन रायझिंग' सगळ्यांना आवडते, सूर्याला म्हाताऱ्या खुळ्या म्हणणारी. तिथे तो म्हणतो, मसाल्याचा आणि खाणींचा असे दोन्ही इंडीज (पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा) इथे माझ्या बाजूला पहुडलेत. ईस्ट इंडिया कंपनीला १६०० च्या शेवटच्या दिवशी सनद मिळाली, म्हणजे हा मसाला कुठून येतोय ते आपल्याला सांगायला नको. आणि लगेच: ती म्हणजे सगळी राज्यं, मी सगळे राजे. ती जमीन, हा मालक. प्रेयसीला कपडे उतरवायला सांगणाऱ्या एलिजीत (म्हणजे डनच्या लांब प्रेमकवितांपैकी एकीत) तर तो तिला सरळ 'माझी अमेरिका, नवा सापडलेला मुलूख' म्हणतो. १६३३ च्या संग्रहात ती एलिजी छापायला परवानगी मिळाली नव्हती. सेन्सॉरला नग्नता खटकली असणार, जहागिरी नाही.

प्रतिमा चालवून बघायची म्हणता ना? मग तिच्यात कोण राबतंय तेही बघू.

सुपारीचं_खांड

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

आडवळण

उंबरठाताई, राज्य-राजा याबद्दल वाद नाही. पण पिसूची कविता पुन्हा बघा. त्या कवितेत ती एक शब्दही स्वतः बोलत नाही, आणि तरी दोनदा डाव उलटवते. दुसरं कडवं सुरू होतं ते 'थांब' या शब्दाने, म्हणजे दोन कडव्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत तिने हात उचललाय. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये तिने पिसू चिरडली. त्याने बांधलेलं देऊळ, शेज, तीन जीव, सगळं एका नखाने. 'मुख चंद्रासारखं' म्हणणाऱ्या कवितेत हे होऊ शकत नाही, कारण तिथे चंद्राला कुणी उत्तर देत नाही. युक्तिवाद करायचा म्हणजे समोरचा माणूस नाही म्हणू शकतो हे गृहीत धरावं लागतं.

उंबरठा

हे पटलं. निम्मं. तिने पिसू मारली तर तो तेही आपल्या बाजूचा पुरावा करतोच की. नाही म्हणायची सोय आहे, नाही टिकायची नाही.

काथवट

अवांतर वाटेल, पण राहवत नाही. प्रेम आणि अध्यात्म एका प्रतिमेत आणायचं तर 'अमृतानुभव'चं पहिलं प्रकरण का नको? शिव-शक्तीचं दांपत्य. दोन दिवे पण उजेड एक, दोन ओठ पण बोल एक, दोन डोळे पण दृष्टी एक. डनच्या तीनशे वर्षं आधी. 'असलोच दोन तर' हा प्रश्न ज्ञानोबांनी केव्हाच सोडवलेला आहे.

पोटमाळा

धाग्याचं काश्मीर होण्याआधी लिहितो. काथवट, उदाहरण सुरेख आहे, पण ते उलट्या दिशेने जातं. तिथे दोन वस्तू मांडायच्या त्या त्यांचं दोनपण पुसायला. उजेड बघितला की दिवे मोजायचे नाहीत. डनला दोनपण हवंय. रोवलेला पाय आणि फिरता पाय एकच झाले, तर वर्तुळ काढणार कोण? शिवाय माउलींना कुणाला पटवायचं नाही, कुणाला घरी ठेवून बोटीत बसायचं नाही. ओवी साक्षात्कारातून येते, डनची कविता दाराशी उभं राहून घाईत बोललेली आहे.

तरी त्याच प्रकरणात एक ओवी आहे, ती उंबरठाताईंसाठी. घरात दोघंच, गोसावी शेजेवर गेला की स्वामिणी एकटीच दोघांचं दांपत्य म्हणून जागी राहते. रोवलेला पाय कसा असतो, ते या दोन ओळींत डनपेक्षा जास्त कळतं.

उंबरठा

ही ओवी माहीत नव्हती. आभार काका.

आणि मी डनवर नुसती चिडलेली नाही हो. 'द एक्स्टसी' मला फार आवडते. दोघं हातात हात घेऊन बसलेत, नजरा एकमेकींत पिळल्या गेल्यात आणि डोळे एका दुपदरी दोऱ्यात ओवलेत. (डोळ्यातून किरण बाहेर पडतात असं तेव्हा मानत.) आत्मे बाहेर पडून दोन फौजांच्या मध्ये वाटाघाटी करणाऱ्या वकिलांसारखे बोलताहेत आणि देह तोवर थडग्यावरच्या पुतळ्यांसारखे पडून आहेत. तिथे बोलणारा आवाज दोघांचा मिळून आहे, त्याच्या एकट्याचा नाही. शेवटी आत्मेच म्हणतात, चला, देहात परत जाऊ. प्रेमाची गुपितं आत्म्यात वाढतात, पण त्याची पोथी देहच. अर्थात काही लोक याही कवितेला 'लांबचा घास घेऊन पिसूवालाच मुद्दा' म्हणतात.

सांडगे_मिरची

मोबाईलवरून टंकतोय, थोडक्यात. मर्ढेकर कुणीच कसे नाही आणले? इंग्रजी कवी-समीक्षक टी. एस. एलियटने १९२१ च्या लेखात या कवींना पुन्हा वर आणलं, आणि मर्ढेकरांवरचा एलियटचा संस्कार जगजाहीर आहे. दिव्यांनी रात्र पंक्चर करणारा माणूस डनचा मराठी वंशजच.

पोटमाळा

वंशज म्हणायला मी कचरेन. मर्ढेकरांची स्वतःची संज्ञा 'भावनानिष्ठ समतानता'. दोन वस्तू दिसायला सारख्या नसतील, पण त्या एकच भाव जागवतात म्हणून एकत्र येतात. पंक्चर झालेली रात्र आपल्याला सिद्ध करावी लागत नाही, चटकन अंगावर येते. कर्कटक असा कुठला भाव जागवतं? दहावीच्या परीक्षेचा फार तर. डनमधलं साम्य भावनेत नाही, तर्कात आहे. भावना तो तर्क पूर्ण झाल्यावर येते. एलियटला दोन्ही हवे होते, म्हणून घोळ होतो.

आडवळण

कोनमापक सर गेले का? तुमच्यासाठी खास अँड्र्यू मार्व्हल (१६२१–१६७८), कविता 'द डेफिनिशन ऑफ लव्ह', छापली १६८१ मध्ये, तीही मरणोत्तर. माझं प्रेम निराशेपासून अशक्यतेच्या पोटी झालेलं मूल आहे, अशी सुरुवात. मग: साध्यासुध्यांची प्रेमं तिरक्या रेषांसारखी, कुठल्या ना कुठल्या कोनात भेटतातच. आपली दोघांची प्रेमं इतकी खरोखर समांतर, की अनंतापर्यंत गेली तरी भेटणार नाहीत.

कोनमापक

आहे, पेपर तपासत होतो. ही प्रतिमा निर्दोष! पूर्ण मार्क. बिघाड शोधला, सापडला नाही. पण खरं सांगायचं तर ती दोन ओळींतच संपते. चालवायला काही उरत नाही. कर्कटकावर मी परवापासून कागदावर सर्पिल काढतोय.

त्याच कवितेत आणखी काही आहे का?

आडवळण

आहे. आपण दोघं दोन ध्रुव, प्रेमाचं सगळं जग आपल्याभोवती फिरतं, पण आपण एकमेकांना मिठी मारू शकत नाही. एकच उपाय: आकाश कोसळावं, पृथ्वीला नवा झटका बसावा आणि सगळा गोल चेपून 'प्लॅनिस्फिअर' व्हावा, म्हणजे गोलाचा सपाट नकाशा. मग ध्रुव एकमेकांवर येतील.

कोनमापक

इथे सापडलं. प्लॅनिस्फिअर म्हणजे ॲस्ट्रोलेब या जुन्या खगोलयंत्राच्या तबकडीवर असतो तसला नकाशा ना? तो गोल चेपून काढत नाहीत, प्रक्षेपणाने काढतात. एका ध्रुवावर डोळा ठेवायचा आणि तिथून सगळे बिंदू सपाट पृष्ठभागावर टाकायचे. अशा नकाशात समोरचा ध्रुव बरोबर मध्यभागी येतो, आणि ज्या ध्रुवावरून बघताय तो नकाशात बसतच नाही. तो जातो अनंतावर.

म्हणजे मार्व्हलचा उपाय केला तर दोघं भेटणार नाहीतच, उलट आधी निदान एका व्यासाइतकं मोजता येणारं अंतर होतं, तेही गेलं. आडवळण, त्याला हे गणित माहीत होतं, की त्याने चपटा गोल एवढंच डोळ्यासमोर ठेवलं होतं?

आडवळण

कवितेच्या शब्दांवरून चेपलेला गोलच दिसतो. पण सर, ज्या कवितेतल्या प्रेमाची आईच अशक्यता आहे, तिच्यात सुचवलेला एकमेव उपायही गणिताने अशक्य निघावा, यावर मी तरी त्याचे मार्क कापणार नाही.

उंबरठा

बघणारा ध्रुव नकाशात बसत नाही?! सर, हे एकदा आकृती काढून टाका ना इथे. मला 'द सन रायझिंग'मधल्या त्या राजाला दाखवायचंय.